दोन तरुण, एकच प्रगतिपुस्तक : बचावपटूची पारख आणि एनबीएचा इतिहास

१/ २०११ आणि २०१२ या लागोपाठच्या वर्षी अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधून दोन तरुण व्यावसायिक खेळाच्या उंबरठ्यावर आले. दोघांची उंची साधारण ६ फूट ७ इंच, दोघेही चपळ, दोघांची ख्याती बचावासाठी आणि दोघांचाही दुरून नेम कच्चा. एकाची निवड १५व्या क्रमांकावर झाली, दुसऱ्याची थेट दुसऱ्या. आज जगाला त्यांपैकी एकाचेच नाव ठाऊक आहे. ते १५व्या क्रमांकाचे.

२/ पहिला कवाय लेनर्ड, सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा. दुसरा मायकल किड-गिलख्रिस्ट, केंटकी विद्यापीठाचा. दोघांचा शेवटचा महाविद्यालयीन हंगाम शेजारी ठेवून पाहावा.
लेनर्ड : फ्री थ्रो ७५.९ टक्के, तीन गुणांच्या फेकी ८६, यशस्वी २५.
किड-गिलख्रिस्ट : फ्री थ्रो ७४.५ टक्के, तीन गुणांच्या फेकी ५१, यशस्वी १३.

३/ टक्केवारी काढली तर लेनर्ड २९.१, किड-गिलख्रिस्ट २५.५. लेनर्डच्या संपूर्ण हंगामातल्या फक्त तीन फेकी कडेला लागून बाहेर पडल्या असत्या, तर दोघांचे आकडे जवळजवळ जुळले असते. मग पुढच्या दहा वर्षांत पडलेली एवढी मोठी दरी कुठून आली? हा प्रश्न समजून घ्यायचा, तर थोडे मागे जावे लागते.

४/ आधी शब्दांचा अर्थ. 'विंग' म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांना वावरणारा, मधल्या उंचीचा खेळाडू. प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत धोकादायक माणूस बहुधा याच्या वाट्याला येतो. 'ड्राफ्ट' म्हणजे एनबीएच्या संघांनी ठरलेल्या क्रमाने नव्या खेळाडूंवर हक्क सांगण्याचा वार्षिक सोहळा. दुबळ्या संघांना आधी निवडण्याची संधी मिळते. म्हणजेच सर्वाधिक नावाजलेला तरुण बहुधा सर्वाधिक विस्कळीत घरात जातो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो कामी येणार आहे.

५/ बचाव पारखणे अवघड का? कारण चांगल्या बचावाची खूण म्हणजे न घडलेली गोष्ट. समोरचा खेळाडू चेंडू मागतच नाही, शिरायची वाट सोडून देतो, घाईने दुसऱ्याकडे चेंडू देतो. यातले काहीच धावफलकावर उमटत नाही. जे घडले त्याची नोंद राहते, जे घडू दिले नाही त्याची राहत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही.

६/ एनबीएची स्थापना १९४६ची. पण चेंडू हिसकावणे आणि फेक अडवणे या दोन गोष्टींची अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४च्या हंगामापासून. त्याआधीच्या जवळजवळ तीन दशकांतल्या बचावपटूंचे कर्तृत्व आज आठवणींतून आणि वृत्तपत्रांतूनच शोधावे लागते. सर्वोत्तम बचावपटूचा वार्षिक पुरस्कार तर १९८२-८३ साली आला.

७/ तो पहिला पुरस्कार मिळवणारा सिडनी मॉनक्रीफ हा या परंपरेचा आद्य नमुना. आर्कान्सा विद्यापीठात एडी सटन यांच्या हाताखाली घडलेला, उंच उडी मारणारा, रिबाउंडसाठी आपल्यापेक्षा उंच माणसांशी झटणारा. १९७९ साली मिलवॉकीने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले. १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षे पुरस्कार त्याच्याकडे राहिला.

८/ मॉनक्रीफच्या वेळी दुरून नेम आहे की नाही, हा प्रश्न आजच्यासारखा कोणी विचारला नाही. विचारायचे कारणच नव्हते. एनबीएत तीन गुणांची रेषा आली १९७९-८० साली, आणि त्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी तीनदेखील अशा फेकी करत नसे. महाविद्यालयांत ही रेषा सर्वत्र लागू व्हायला १९८६-८७ उजाडले.

९/ मायकल कूपरची गोष्टही त्याच काळातली. न्यू मेक्सिको विद्यापीठाचा हा सडपातळ खेळाडू १९७८च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, ६०व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. पुढे पाच अजिंक्यपदे आणि १९८७चा सर्वोत्तम बचावपटूचा मान. कारकिर्दीच्या मध्यावर त्याने दुरून नेम साधण्याचीही सवय लावून घेतली. लेकर्सचे आक्रमण त्यावर अवलंबून नव्हते, पण त्याचे मैदानावरचे स्थान त्यामुळे अधिक पक्के झाले.

१०/ मग २००१-०२चा हंगाम आला आणि नियम बदलला. तोवर एनबीएत 'झोन' बचावाला बंदी होती. बचावपटूने एखादा माणूस धरून ठेवायचा किंवा चेंडूवाल्यावर दुहेरी चाल करायची, मध्येच मोकळे उभे राहायचे नाही. ही बंदी उठली. आता ज्याच्या नेमाची भीती नाही, त्याला मोकळा सोडून त्याचा पहारेकरी बास्केटजवळ जाऊन थांबू शकत होता. बास्केटखाली नुसते रेंगाळू नये म्हणून तीन सेकंदांची मर्यादा तेवढी घातली गेली.

११/ या एका बदलाने बचावपटू विंगचे सारे गणित फिरले. पूर्वी नेम नसणे ही उणीव होती, आता ती संघाची जबाबदारी झाली. कारण मोकळा सुटलेला खेळाडू स्वतः गुण करत नाही एवढेच नव्हे, तर त्याच्या साथीदारांची वाटही बुजते. पाचांच्या खेळात आक्रमण चौघांवर येते.

१२/ यातून पहिली वाट काढली ती ब्रूस बोवेनने. १९९३च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतले नव्हते. फ्रान्समध्ये खेळून तो परतला आणि २००१ साली सॅन अँटोनियो स्पर्सकडे आला. त्याने एकच फेक घोटली, कोपऱ्यातून. तिथे रेषेचे अंतर २२ फूट असते, समोरून मात्र २३ फूट ९ इंच.

१३/ २००२-०३च्या हंगामात बोवेनने तीन गुणांच्या फेकींत ४४.१ टक्के यश मिळवले आणि तो लीगमध्ये पहिला आला. त्याच हंगामात त्याचे फ्री थ्रो होते ४०.४ टक्के! ज्याला कोणी अडवत नाही, जवळूनच मारायची अशी फेक चुकते आणि दूरची लागते. 'फ्री थ्रोवरून हात ओळखावा' हा पारख करणाऱ्यांचा आवडता नियम. तो उपयोगी आहे, पण अटळ नाही, हे बोवेनने दाखवून दिले. तीन अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत.

१४/ आता लेनर्डकडे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या शाळेत शिकणारा अबोल मुलगा. जानेवारी २००८मध्ये त्याच्या वडिलांची कॉम्प्टन येथील त्यांच्या गाडी धुण्याच्या दुकानात गोळ्या घालून हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी तो सामना खेळला. २००९ साली तो राज्यातला सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला आणि स्टीव्ह फिशर यांच्या सॅन डिएगो स्टेट संघात दाखल झाला.

१५/ २०१०-११ साली त्या संघाने ३४ सामने जिंकले, फक्त तीन गमावले. लेनर्डची सरासरी १५.५ गुण आणि १०.६ रिबाउंड. दोन्ही हात पसरल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत ७ फूट ३ इंच. पंजाची रुंदी सव्वाअकरा इंच. अंग, हात, पाय, जिद्द, सारे दिसत होते. पारख करणाऱ्यांच्या टिपणांत शंका एकाच जागी येऊन थांबत होती : आक्रमणात हा करणार काय?

१६/ २३ जून २०११. इंडियाना पेसर्सने १५व्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले, पण ते सॅन अँटोनियोसाठी. बदल्यात स्पर्सने जॉर्ज हिल दिला. हिल हा प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या लाडक्या खेळाडूंपैकी. त्याच वसंतात ६१ विजय मिळवणाऱ्या स्पर्सला आठव्या मानांकित मेम्फिसने पहिल्याच फेरीत घरी पाठवले होते. लांब हातांच्या विंगची उणीव जाणवत होती आणि त्यासाठी मोठी किंमत मोजायची संघाची तयारी होती.

१७/ स्पर्सकडे चिप एंगलंड होते. खेळाडूंची फेक दुरुस्त करणे हेच त्यांचे काम. लेनर्डच्या फेकीत त्यांना दोष दिसला तो चेंडू सोडण्याच्या जागेत. चेंडू डोक्याच्या मागे जात होता, तो पुढे आणायचा होता. दोष एका जागी होता, बाकीची हालचाल सुरळीत होती. १ जुलैला मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादातून टाळेबंदी सुरू झाली आणि संघ व खेळाडू यांचा संपर्क तुटला. डिसेंबरपर्यंत सराव ज्याचा त्याने करायचा होता.

१८/ त्या अर्धवट, ६६ सामन्यांच्या पहिल्या हंगामात लेनर्डने तीन गुणांच्या फेकी ३७.६ टक्के अचूक केल्या, तेही महाविद्यालयापेक्षा तीन फूट दूरच्या रेषेवरून. टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली यांच्या संघात त्याच्याकडे मागणी फार थोडी होती : माणूस धर, रिबाउंड घे, कोपऱ्यात उभा राहा, चेंडू आला तर मार. बोवेनने आखलेली जागा जणू रिकामीच होती.

१९/ २०१४च्या अंतिम मालिकेत लब्रॉन जेम्सला रोखत त्याने सरासरी १७.८ गुण केले. वय २२, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. २०१५ आणि २०१६चे सर्वोत्तम बचावपटूचे पुरस्कार. २०१९ साली टोरंटोसाठी दुसऱ्यांदा अंतिम मालिकेचा मानकरी. 'आक्रमणात हा करणार काय' या प्रश्नाचे इतके सणसणीत उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

२०/ आता किड-गिलख्रिस्ट. त्याचे वडीलही गोळीबारात गेले, तो अवघा दोन वर्षांचा असताना. बोलताना अडखळणारा, मैदानावर मात्र जराही न अडखळणारा मुलगा. २०१२ साली केंटकीने ३८ सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या संघाचा मेहनती कणा तो होता. सरासरी ११.९ गुण, ७.४ रिबाउंड. ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक त्याच्याच संघातल्या अँथनी डेव्हिसचा, दुसरा त्याचा. वय १८.

२१/ त्याला निवडले शार्लट बॉबकॅट्सने. मायकल जॉर्डनच्या मालकीचा हा संघ नुकताच ६६पैकी ५९ सामने हरला होता. विजयाच्या प्रमाणात एनबीएच्या इतिहासातला तो सर्वांत वाईट हंगाम. त्याचा पहिला प्रशिक्षक एका हंगामात बदलला गेला. इथे कोपऱ्यात उभे राहून शिकण्याची सोय नव्हती. कोपऱ्याकडे चेंडू पाठवणारे डंकन-पार्करही नव्हते.

२२/ त्याच्या फेकीतला दोष लेनर्डसारखा एका जागी नव्हता. चेंडू वर नेताना हालचाल मध्येच अडखळे, कोपर बाहेर जाई, हवेत असताना जणू दोनदा फेक सुरू होई. पहिल्या दोन हंगामांत मिळून त्याने तीन गुणांच्या १८ फेकी केल्या, तीन लागल्या. तिसऱ्या हंगामात एकही केली नाही. २०१३ साली शार्लटने खास मार्क प्राइस यांना आणले, ज्यांचे स्वतःचे फ्री थ्रो इतिहासातल्या सर्वोत्तमांत गणले जातात. मधल्या अंतरावरून सुधारणा दिसू लागली होती.

२३/ आणि बचाव? तो खराच होता. २०१४-१५ साली तो खेळला त्या ५५ सामन्यांत शार्लट २७ जिंकले, २८ हरले. तो नसताना ६ जिंकले, २१ हरले. पारख करणाऱ्यांनी जे पाहिले होते ते खोटे नव्हते. संघाने ऑगस्ट २०१५मध्ये त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार दिला.

२४/ दोन महिन्यांत खांदा निखळला. शस्त्रक्रिया, परतणे, पुन्हा तोच खांदा. त्या हंगामात सातच सामने. ज्या हाताला नव्याने वळण लावले जात होते, त्याचाच खांदा. पुढे त्याने दुरून फेकण्याचा धीर कधीमधी दाखवलाही, पण तोवर खेळ पार पुढे गेला होता. २०१०-११ साली संघ एका सामन्यात सरासरी १८ तीन गुणांच्या फेकी करत असत, २०१९-२० साली ३४. त्याच हंगामात, वयाच्या २६व्या वर्षी, डॅलसकडून त्याचे शेवटचे एनबीए सामने झाले.

२५/ खेळ किती बदलला, हे एका रात्रीत पाहायचे असेल तर ११ मे २०१५. मेम्फिस विरुद्ध गोल्डन स्टेट, बाद फेरीचा चौथा सामना, मेम्फिस २-१ने पुढे. मेम्फिसचा टोनी अ‍ॅलन हा ओक्लाहोमा स्टेटचा माजी विद्यार्थी, २००४च्या ड्राफ्टमधला २५वा, आणि त्या घडीला जगातल्या अव्वल बचावपटूंपैकी एक. त्याने प्रतिस्पर्धी नेमबाजांना जेरीस आणले होते.

२६/ गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्या रात्री अ‍ॅलनवर आपला ७ फुटी सेंटर अँड्र्यू बोगट नेमला. नेमला म्हणजे नावापुरता. बोगट बास्केटजवळच थांबला आणि अ‍ॅलनला दूर एकटे सोडले. 'मार, हवे तितके मार.' मेम्फिसचे आक्रमण गुदमरले. अ‍ॅलनला १६च मिनिटे खेळवता आले. सामना १०१-८४, मालिका ४-२. त्याचा बचाव तिळमात्र कमी झाला नव्हता. त्याला मैदानाबाहेर काढले ते त्याच्याच न येणाऱ्या फेकीने.

२७/ दोन वर्षांनी हीच शिक्षा अधिक क्रूर रूपात दिसली. २०१७च्या बाद फेरीत ह्यूस्टनने ओक्लाहोमा सिटीच्या आंद्रे रॉबरसनला मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोच्या रेषेवर उभे केले. मालिकेत २१पैकी ३ यशस्वी. त्याच हंगामात तो लीगच्या निवडक बचावपटूंच्या यादीत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

२८/ तिसरी वाट जिमी बटलरची. लेनर्डच्याच ड्राफ्टमध्ये, पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३०व्या क्रमांकावर शिकागोने घेतलेला मार्केट विद्यापीठाचा कष्टाळू बचावपटू. तो तीन गुणांचा बादशहा कधीच झाला नाही. पण बचावाची फळी फोडून फाउल मिळवायचे आणि फ्री थ्रोवर गुण वसूल करायचे, ही विद्या त्याने साधली. २०२० आणि २०२३ साली मायामीला अंतिम मालिकेत नेले. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मोकळे सोडता येऊ नये, एवढी एक तरी गोष्ट हवी. ती दुरून नेमच असावी असे नाही.

२९/ या साऱ्यातून महाविद्यालयीन बचावपटू विंग पाहताना विचारायचे प्रश्न हाती लागतात.
• त्याचा बचाव नुसत्या चपळाईवर उभा आहे, की पाय, हातांची लांबी आणि अवधान यांवर? व्यावसायिक खेळात सगळेच चपळ असतात.
• फेकीतला दोष एका जागी आहे, की साऱ्या हालचालीत पसरलेला?
• आकडा किती फेकींवर उभा आहे? ५१ फेकी हा पुरावा फार तोकडा.
• चेंडू हातात नसताना तो काय करतो?
• आणि शेवटचा, बहुधा न विचारला जाणारा : तो कोणाच्या घरी जाणार आहे?

३०/ हा शेवटचा प्रश्न खेळाडूच्या टिपणात लिहिता येत नाही, कारण टिपण लिहिले जाते तेव्हा घर ठरलेले नसते. लेनर्डला एंगलंड, धीर धरणारा संघ आणि रिकामा कोपरा मिळाला. किड-गिलख्रिस्टला कोसळलेला संघ, दुसऱ्या क्रमांकाचे ओझे आणि दुबळा खांदा. लेनर्डची मेहनत याने तसूभर कमी ठरत नाही. दुसऱ्याची मेहनत कमी होती, असेही मात्र म्हणता येत नाही.

३१/ निकाल कळल्यावर जुनी कागदपत्रे वाचली, की त्यांत निकाल आधीच लिहिलेला दिसू लागतो. 'लेनर्ड घडणारच होता', 'किड-गिलख्रिस्टची निवड चुकलीच होती', अशी वाक्ये म्हणूनच सोपी वाटतात. जून २०११ आणि जून २०१२चे कागद मात्र तसे सांगत नाहीत. त्यांत दोन गुणी मुले आहेत, दोन कच्चे हात आहेत, आणि दोघांच्या मध्ये फक्त तीन फेकींचे अंतर आहे.

३२/ किड-गिलख्रिस्टने पुढे बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी संस्था उभारली आणि त्यांचा आवाज म्हणून तो जाहीरपणे बोलू लागला. १८ वर्षांच्या मुलाला क्रमांक देणाऱ्या कोणत्याही यादीत या गुणाला रकाना नव्हता. इतिहास वाचताना निकालापाशी न थांबता निवडीच्या क्षणाशी परत जावे, ते यासाठीच. त्या क्षणी कोणाला काय दिसत होते आणि काय दिसणे शक्यच नव्हते, एवढे वेगळे करता आले, तरी पारख करणाऱ्यांशी आणि पारखल्या गेलेल्यांशी, दोघांशीही न्याय होतो.

(समाप्त)